बासरीच्या नळ्यांचा इतिहास

५ फेब्रुवारी

धाकट्या,

माझं अक्षर दिसलं असतं तर तू पाकीट न फोडताच ठेवून दिलं असतंस, म्हणून वरचा पत्ता शेजारणीकडून लिहून घेतला. आता फोडलंच आहेस तर पुरतं वाच. घाबरू नकोस, आईनंतर कुणी गेलेलं नाही. बाबा आहेत, जेवतात, माझ्यावर चिडतात.

कारण वेगळंच आहे. आपल्या चर्चचा ऑर्गन दुरुस्तीला काढलाय. सगळा उघडायचा, नळी न् नळी धुवायची, भात्याचं चामडं बदलायचं. काम झालं की समारंभ होणार आणि समारंभात एक पुस्तिका वाटणार, आपल्या ऑर्गनचा इतिहास. ती लिहायचं काम कमिटीने माझ्या गळ्यात घातलंय. हेडसर म्हणाले, वाजवते तीच लिहील. हेडसर म्हणजे आपल्या शाळेचे मुख्याध्यापक. निवृत्त झाले, कमिटीचे अध्यक्ष झाले आणि आता सगळ्या गावाला पाचवीचा वर्ग समजतात.

सुरुवातीची पानं मजेत लिहून झाली. कापडगिरणीच्या मालकाने ऑर्गन कसा मागवला, पेट्या आल्या तेव्हा चर्चचं दार लहान पडून भिंतच कशी फोडावी लागली, हे सगळं आलं. भाता हाकणारा माणूस प्रवचनात झोपायचा आणि गीताच्या वेळी उठायचा नाही. म्हणून त्याच्या पायाला दोरी बांधून दुसरं टोक वाजवणाऱ्याच्या बाकाशी ठेवायचे, तेही घातलं. हेडसरांनी दोरी काढून टाकायला सांगितली. मी काढलेली नाही.

मग तुझं पान येतं.

ते मी लिहिलेलं नाही. हेडसरांनी वाक्य तयारच करून दिलं, त्यात बाबा म्हणजे नुसते 'ट्यूनर', सूर लावणारे: 'ट्यूनरच्या मुलाने बासरीच्या अस्सल जुन्या नळ्या चोरून विकल्या, परंतु वडिलांनी स्वतःच्या खर्चाने दुसऱ्या आणून बसवल्या आणि चर्चची अब्रू राखली.' बासरी म्हणजे ऑर्गनचा एक खटका, तो ओढला की वाजणारा नळ्यांचा संच, हे लोकांना कळेल का, एवढीच त्यांना चिंता होती.

कागदावर छापलं की ते कायमचं होतं. आत्तापर्यंत ते नुसतं लोकांच्या तोंडी होतं, आणि बोलणारेही आता निम्मे उरलेत. पुस्तिका मात्र घरोघरी कपाटात राहणार. उद्या तुझी मुलं आली तर त्यांनाही कुणीतरी काढून दाखवेल. तुझी काही बाजू असेल तर आत्ता सांग. कुणाला विकल्यास? का विकल्यास? व्यसन होतं, बाई होती, काहीही असो, मी ऐकून घेईन. आणि काही न बोलता गप्प राहणार असशील तर तेही लिहून कळव.

आणखी एक सांगते. चर्चमागचं हे घर बाबांना हयातभर मिळालंय ते त्याच प्रामाणिकपणापोटी. त्यामुळे जे काही सांगशील ते विचार करून सांग.

– ताई


१९ फेब्रुवारी

धाकट्या,

तुझं उत्तर मिळालं. दोनच ओळी, त्यातली एक प्रश्नाची! 'बाबांच्या कानांचं कसं आहे? पुस्तिकेत हवं ते लिही.' बाकी सगळा कागद कोरा पाठवलास. त्यापेक्षा कार्ड का नाही टाकलंस?

मी विचारलं नळ्यांचं, तू विचारतोस कानांचं. बाबा आता ठार बहिरे झालेत. या वयात होतात माणसं. मी पाटीवर लिहिते, ते वाचतात आणि घसा फोडून उत्तर देतात. दर रविवारी पहिल्या बाकावर बसतात आणि गीत संपेपर्यंत पायाने ताल धरतात, तोही चुकीचा. झालं समाधान? पण तुला मध्येच हे का सुचलं, ते काही माझ्या डोक्यातून जात नाही. एवढ्या वर्षांत बाबांची चौकशी नाही आणि आता एकदम कान!

दुरुस्तीचा कारागीर आलाय. बाहेरगावचा आहे, कपाळावर एक आणि नाकावर एक असे दोन चष्मे लावतो. मी त्याला चष्मेवाले म्हणते. माणूस गोड बोलतो, आणि गोड बोलणाऱ्याकडे मी आधी संशयानेच बघते. ऑर्गनच्या पोटात शिरतो आणि आतून दार लावून घेतो. परवा मला विचारलं, या दाराच्या किल्ल्या पूर्वी कुणाकुणाकडे होत्या? का रे बाबा, तुला कशाला हव्यात चौकशा? काल तर बासरीच्या नळ्या बाकीच्यांपासून वेगळ्या काढून कापडात गुंडाळल्या आणि एक नळी चक्क स्वतःच्या खोलीवर घेऊन गेला. मी बघते आहे हे कळल्यावर हसला.

आधी ठरलं होतं की त्या नळ्या टाकून द्यायच्या. बाबांनी कुठल्याशा पाडलेल्या चर्चमधून आणलेल्या जुन्या-बाजारच्या नळ्या, असंच सगळे म्हणत आलेत. त्यांच्या जागी नव्या येणार होत्या. आता हा म्हणतो, टाकू नका, थांबा. मी हेडसरांच्या कानावर घातलं की या माणसावर लक्ष ठेवा. दुधाने तोंड पोळलंय माझं, ताकसुद्धा फुंकून पिणार.

तुला या नळ्यांबद्दल काही ठाऊक असेल तर सांग. नसेल तर पुन्हा कोरा कागद पाठवू नकोस.

– ताई


२ मार्च

धाकट्या,

यावेळी तू उत्तरच दिलं नाहीस. बरं. तू नाही बोललास तरी नळ्या बोलायला लागल्यात.

चष्मेवाल्यांनी मला आत बोलावलं. ऑर्गनच्या आत मी आयुष्यात पहिल्यांदा पाऊल टाकलं. बाबा आत जायचे, तू आत जायचास, मी बाहेर बसून एकेक पट्टी दाबून धरायची, हे लहानपणापासून ठरलेलं. माझ्या पदरात नळ्या अडकतील म्हणायचे. आत फळ्या आहेत, शिडी आहे, आणि नळ्या इतक्या दाटीने उभ्या आहेत की श्वास घेतानाही संकोच वाटतो. बासरीच्या नळ्या करंगळीएवढ्यापासून मनगटाएवढ्यापर्यंत. त्यांनी एक हातात दिली आणि विचारलं, कशी आहे?

मी म्हटलं, जुन्या-बाजारची. ते म्हणाले, नाही. धातू जुना आहे, या ऑर्गनमधल्या बाकीच्या नळ्यांचा आहे तोच, वजनाला आणि रंगाला तसाच. पण हात नवा आहे. बाजारात अशी नळी मिळणारच नाही. मग त्यांनी नळीचा ओठ दाखवला. म्हणजे खाली जिथून वारा फुटतो ती फट. तिच्या आतल्या कडेला सुरीने बारीक खाचा पाडलेल्या असतात. प्रत्येक कारागिराच्या खाचा एका बाजूला कलतात, उजव्या हाताच्या एकीकडे. या सगळ्या उलट कलल्यात.

त्यांनी विचारलं, तुमचे वडील डावखुरे आहेत का?

मी नाही म्हटलं आणि शिडी उतरून खाली बाकावर येऊन बसले. आपल्या घरात डावा हात वापरणारा कोण होता, हे मी परक्या माणसाला कशाला सांगू?

दुपारी किल्लीवाल्या काकांकडे गेले. ते अजून चर्चची दारं उघडतात आणि बंद करतात, गुडघे गेलेत पण जीभ शाबूत आहे. तुला नळ्यांच्या पेट्या चर्चबाहेर नेताना त्यांनीच पाहिलं होतं आणि त्यांनीच कमिटीला सांगितलं होतं. मी विचारलं, काका, पेट्या कुठे नेताना पाहिलंत? ते म्हणाले, मागच्या धुण्याच्या खोलीकडे. मी विचारलं, आणि तिथून पुढे? गाडी आली होती? गिऱ्हाईक आलं होतं? काकांनी गुडघा चोळला. मग म्हणाले, गाडी काही मी पाहिली नाही. धुराडं मात्र चालू असायचं संध्याकाळचं. मला वाटलं, तुझी आई आजारी, तिचे कपडे उकळायला टाकले असतील.

एवढी वर्षं हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही, कारण कुणी विचारलंच नाही. सगळ्यांना पेट्या बाहेर गेल्या एवढं पुरलं. मलाही पुरलं.

धुण्याची खोली आता कुणी वापरत नाही. चुलीवर भलं मोठं पातेलं तसंच उपडं आहे. फरशीच्या सांध्यांत मी काडीने उकरलं तर मऊ, काळपट धातूचे थेंब निघाले, नखाने ओरखडा पडेल असे. चष्मेवाल्यांना दाखवले. त्यांनी कपाळावरचा चष्मा खाली ओढला आणि म्हणाले, झालं की, हा नळ्यांचाच धातू.

काखेत कळसा आणि गावाला वळसा! चोरीला गेलेल्या नळ्या कुठे गेल्याच नव्हत्या. तू त्या वितळवल्यास, फरशीवर कापड पसरून पत्रा ओतलास, कापलास, वळवलास आणि पुन्हा नळ्या करून जागच्या जागी लावल्यास. आणि मी दर रविवारी त्याच वाजवत आले. तू गेल्यानंतर बासरी एकदम सुरेल झाली होती, तेव्हा मला वाटलं बाबांच्या हाताला जादू आहे. तसं मी चारचौघांत सांगायचे.

आता मला सांग, चांगल्या नळ्या कुणी वितळवतं का? आणि तू विकल्या नव्हत्यास, तर बाबा त्या दिवशी कमिटीपुढे तसं का बोलले? मी दारात उभी होते. हेडसर तेव्हाही कमिटीत होते, त्यांनी विचारलं, पेट्यांत काय होतं? तू बाबांकडे बघितलंस. बाबा म्हणाले, 'नळ्या होत्या. गेल्या त्या. मी दुसऱ्या आणून बसवल्यात.' तू काहीच बोलला नाहीस. मी तुझा चेहरा बघितला आणि मला तो चोराचा वाटला.

तू मला सांगत नाहीस. बाबांना विचारायचं मला धाडस होत नाही. या घरात माझ्यावर कुणाचाच विश्वास नाही का?

– ताई


११ मार्च

धाकट्या,

आता तू नाही लिहिलंस तरी चालेल. मला कळलंय.

चष्मेवाल्यांनी ऑर्गनच्या तळाची फळी काढली आणि धूळ सुपात भरून माझ्यापुढे ठेवली. धुळीत धातूच्या बारीक कातरणी होत्या, कापलेल्या नखांसारख्या. कितीतरी. ते म्हणाले, नळीचं वरचं टोक कापलं की सूर चढतो. चढलेला सूर उतरवायला कापलेलं परत जोडता येत नाही. म्हणून कुणी शहाणा माणूस उठसूट कात्री लावत नाही. इथे कुणीतरी कापत गेलंय, परत परत, बासरीच्या वरच्या सुरांच्या सगळ्याच नळ्या. त्याला सूर उतरलेलाच वाटत होता.

मी विचारलं, असं कुणाला वाटेल?

ते सुपाकडे बघत म्हणाले, 'ज्याला उंच सूर ऐकू येईनासे झालेत, पण अजून स्वतःलाच ते पटलेलं नाही, त्याला.'

मग मला आठवायला लागलं, आणि थांबेचना. तू पेट्या नेल्यास त्याआधीच्या हिवाळ्यात बासरी वरच्या सुरांना किंचाळायची. बाबा म्हणायचे, थंडीने होतंय. त्यांनी कापून वाया घालवलेल्या त्याच नळ्या तू वितळवून नव्याने केल्यास. तू गेल्यावर ते सूर लावायला बसले की प्रत्येक पट्टीला आतून विचारायचे, तुला काय वाटतं? लागला का? मी म्हणायचे, थोडा चढवा, आता बरोबर. मला केवढा अभिमान वाटायचा. मला वाटायचं, तुझ्या जागी आता ते मला शिकवतायत. ते माझे कान वापरत होते रे. मला कुणी काही शिकवत नव्हतं.

त्या दिवशी मी नळी पदराखाली लपवून घरी आणली. बाबा खिडकीशी बसले होते. नळी त्यांच्या मांडीवर ठेवली आणि पाटीवर लिहिलं, कुणी केली?

मला वाटलं होतं ते चिडतील, कानावर हात ठेवतील. त्यांनी नळी उचलली आणि ओठाच्या आत अंगठा घालून एकदा फिरवला. बघितलंसुद्धा नाही तिच्याकडे.

'त्याने,' ते म्हणाले.

मी लिहिलं, कधीपासून माहीत आहे?

'पहिल्या दिवसापासून. पेट्यांची बोंब झाली तेव्हा मी आत जाऊन पाहिलं. अंगठा लावल्यावर कळलं.'

मी पाटी त्यांच्यापुढे आपटली. काय लिहिलं ते आठवत नाही, काही लिहिलं होतं की नाही तेही आठवत नाही. ते नेहमीसारखे ओरडले नाहीत, इतकं हळू बोलले की मला वाकून ऐकावं लागलं. म्हणाले, 'ज्याचा मुलगा चोर निघाला त्या ट्यूनरची लोक कीव करतात. बहिऱ्या ट्यूनरला दारात कोण उभं करेल? तुझी आई अंथरुणाला खिळलेली, घर चर्चचं. तो तरुण होता, त्याला दुसरं काम मिळालं असतं.'

मग थोड्या वेळाने म्हणाले, 'तो एक शब्द बोलला असता तर मी कबूल केलं असतं. तो बोललाच नाही.'

बाकी सगळं मी समजून घेईन, आईचं, घराचं, भीतीचं. पण हे वाक्य नाही. आपल्या मुलाने तोंड उघडलं नाही, म्हणून त्याचाच दोष. हे त्यांच्या तोंडून ऐकलं आणि मला त्यांचा राग आला, इतका की त्या संध्याकाळी मी त्यांचं ताट वाढून दुसऱ्या खोलीत जाऊन बसले.

आणि तुझाही आला. बाबांची लाज झाकायला तू गेलास हे कळतं मला. पण मला एक ओळ लिहिता आली नसती? ट्यूनरचं काम सोडून डब्यांच्या कारखान्यात पत्रा कापत बसलास, कारण चोराला कुठल्या चर्चने आत घेतलं नाही. मी इथे लोकांसमोर मान खाली घालून वाजवत राहिले. तुम्ही दोघांनी मिळून एक गोष्ट झाकली आणि झाकताना माझा विचार कुणाच्या मनातही आला नाही.

शनिवारी कमिटीची बैठक आहे. तुझं पान मंजुरीला येणार. मी काय करायचं ते अजून ठरवलेलं नाही. खरं सांगितलं तर घर जाऊ शकतं, आणि या वयात बाबांना कुठे घेऊन जाऊ? चष्मेवाले काही बोलणार नाहीत. ते मला म्हणाले, मी नळ्यांचा माणूस आहे, घरांचा नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. पण या मुठीत माझा भाऊ आहे.

– ताई


१६ मार्च

धाकट्या,

सांगून टाकलं.

बैठकीला बाबाही आले. मी येऊ नका म्हणून पाटीवर लिहिलं होतं. त्यांनी कोट चढवला आणि माझ्याआधी दारात जाऊन उभे राहिले. तिथेही पहिल्याच खुर्चीवर बसले. हेडसरांनी तुझं वाक्य मोठ्याने वाचलं आणि विचारलं, कुणाची हरकत? मी उठले. सूप सोबत नेलं होतं. कातरणी टेबलावर ओतल्या, धुण्याच्या खोलीतले थेंब ठेवले, नळी ठेवली, आणि पहिल्यापासून सांगितलं. बाबा माझ्या ओठांकडे बघत होते. त्यांना किती कळत होतं कुणास ठाऊक. 'बहिरे' हा शब्द मी त्यांच्याकडे तोंड करूनच उच्चारला. पाठीमागे तो मला म्हणता आला नसता.

किल्लीवाले काका कोपऱ्यात रडायला लागले, त्यांना पाणी द्यावं लागलं. हेडसरांनी चष्मेवाल्यांना विचारलं, या नळ्या ठेवायच्या की टाकायच्या? ते म्हणाले, टाकल्यात तर मी माझ्या घरी नेतो. मग हेडसरांनी पुस्तिकेतलं वाक्य स्वतःच्या हाताने खोडलं. मी त्यांच्यासमोरच नवं लिहिलं: बासरीच्या आजच्या नळ्या ट्यूनरच्या मुलाने या ऑर्गनच्याच जुन्या धातूतून घडवल्या. पुढे तुझं पूर्ण नाव घातलं. का घडवल्या, ते छापायचं नाही असं त्यांनी सुचवलं, ते मी मान्य केलं. गावाला तसंही उद्यापर्यंत कळेल.

घराबद्दल ते पुढच्या बैठकीत बोलणार आहेत. हेडसर जाताना म्हणाले की त्यांच्याकडून तरी त्रास होणार नाही. त्यांच्या बोलण्यावर मी किती विश्वास ठेवते ते तुला माहीत आहे. गेलं घर तर गेलं. दोन खोल्या बघून ठेवल्यात.

घरी येताना बाबा माझ्या हाताला धरून चालत होते. मी चहा केला. त्यांनी पाटी माझ्याकडे सरकवली. मी सगळं लिहिलं: तुमच्या कानांचं सांगितलं, त्याने काय केलं ते सांगितलं, नळ्या राहणार. त्यांनी वाचलं, पुन्हा वाचलं, बाहीने पुसलं. मला वाटलं आता ओरडतील.

ते म्हणाले, 'वाजतात कशा गं त्या?'

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. तू त्या लावल्यास तेव्हाच त्यांचे वरचे सूर गेलेले होते. एवढी वर्षं ते पहिल्या बाकावर बसले, तुझ्या नळ्या त्यांच्या डोक्यावर वाजत राहिल्या, आणि त्यांनी त्या एकदाही ऐकलेल्या नाहीत.

मी खडू घेतला. 'गोड' लिहिलं आणि पुसलं. 'छान' लिहिलं, तेही पुसलं. आयुष्यभर वाजवणाऱ्या बाईला एक धड शब्द सापडेना. ते पाटीकडे बघत होते, मी काय लिहिते त्याची वाट पाहत. शेवटी मी लिहिलं, तो येऊन सांगेल.

तुला न विचारता लिहिलं. ते अजून ती पाटी मांडीवर घेऊन बसलेत, कुणाला पुसू देत नाहीत.

– ताई